सायकलची बैठक

सायकलची बैठक : सायकलस्वाराच्या शरीराचा भार सांगाड्यावर घेणारा सायकलचा भाग. बोलीभाषेत तिला ‘सीट’ म्हणतात. घोड्याच्या खोगिरावरून ‘सॅडल’ असेही म्हटले जाते. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा भार नितंब व मांड्या या दोहोंवर पसरतो. सायकलस्वाराच्या मांड्या मात्र सतत वरखाली होत असल्याने त्यांना आधार देता येत नाही. त्यामुळे बैठक मागे रुंद व पुढे निमुळती करावी लागते आणि भार अगदी थोड्या जागेवर एकवटतो. तो नेमका कोठे पडावा, हाच बैठकीच्या रचनेतील मूळ प्रश्न असून गेल्या दोनशे वर्षांतील तिच्या बहुतेक सुधारणा त्याच्याशी निगडित आहेत. बैठक जितकी मऊ तितकी सुखकर, ही समजूत थोड्या अंतरापुरती बरोबर ठरते. दूर पल्ल्याला ती बहुधा चुकीची ठरते. पुणे शहराच्या सायकलींच्या इतिहासात हे दोन्ही अनुभव पाहावयास मिळतात.

रचना : बैठकीचे मुख्य भाग तीन असतात : शरीराला टेकणारा पृष्ठभाग, त्याला आकार देणारे कवच किंवा चौकट आणि खालचे दोन समांतर गज. हे गज दांड्याच्या डोक्यावरील पकडीत आवळून बसवितात. दांडा वरखाली, गज पुढेमागे आणि पकड तिरपी करता येत असल्याने बैठकीची उंची, अंतर व कल हे तिन्ही बदलता येतात. बैठकीच्या पुढील निमुळत्या भागास नाक म्हणतात. वळताना मांड्यांनी सायकलवर ताबा ठेवण्यास नाकाचा उपयोग होतो. परंतु बैठकीमुळे होणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळही तेच आहे.

ऐतिहासिक आढावा : कार्ल फोन ड्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीतील मॅनहाइम येथे चालवून दाखविलेल्या दुचाकीला पेडल नव्हते. स्वार जमिनीवर पाय रेटून पुढे जात असे. तरीही तिला गादीची बैठक होती आणि हात टेकण्यासाठी वेगळी पट्टी होती. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मीशो यांनी पुढच्या चाकाला पेडल लावलेल्या सायकली विकावयास सुरुवात केली. त्यांची चाके लोखंडी धावेची होती. रस्त्यातील धक्के सुसह्य व्हावेत म्हणून बैठक एका लांब लोखंडी पट्टीच्या स्प्रिंगवर बसवीत असत. इंग्लंडमध्ये ह्या सायकलींना ‘हाडे खिळखिळी करणारी’ अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले होते, यावरून त्या स्प्रिंगचा कितपत उपयोग होत असेल याची कल्पना येते.

आधुनिक बैठकीचा प्रारंभ चामड्याच्या बैठकीपासून झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये घोड्याचे साज व चामड्याच्या वस्तू बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. घोडा मेल्यानंतर त्यांनी उसन्या सायकलवरून ये-जा सुरू केली आणि तिच्या कठीण बैठकीला कंटाळून ते नव्या बैठकीच्या विचारास लागले, अशी हकीकत सांगितली जाते. १८८२ मध्ये त्यांनी बैठकीचे एकस्व (पेटंट) घेतले. ह्या प्रकारात जाड कमावलेले कातडे लोखंडी चौकटीच्या पुढच्या व मागच्या टोकांवर रिव्हेटांनी ताणून बसवितात; त्याखाली गादी नसते. कातडे झोळीसारखे लोंबते राहते व वापराने स्वाराच्या हाडांपाशी किंचित दबून त्याच्या शरीराचा आकार घेते. ते सैल पडल्यास नाकाखालील नट फिरवून पुन्हा ताणता येते. ह्या कंपनीची १८९० च्या दशकातील ‘बी-१७’ ही सु. १७ सेंमी. रुंदीची बैठक आजही बनविली जाते व दूर पल्ल्याच्या स्वारांत प्रिय आहे.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल आली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेली धाव प्रचारात आणली. धक्के शोषून घेण्याचे बरेचसे काम चाकाने पत्करल्यामुळे बैठकीला मोठ्या स्प्रिंगची गरज उरली नाही. त्यानंतर स्त्रियाही मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या आणि बैठकीचे नाक शरीराच्या नाजूक भागावर दाब आणते, यावर डॉक्टरांत वाद सुरू झाला. त्यातून १८९० च्या दशकात अमेरिकेत ‘क्रिस्टी’ नावाच्या, दोन वेगळ्या गाद्या असलेल्या बैठकीसारखे अनेक ‘आरोग्यकारक’ प्रकार निघाले. आज नवे वाटणारे मधली खाच, आखूड नाक व दुभंगलेली गादी हे उपाय ह्या एकाच दशकात सुचलेले होते. तथापि सायकलची लाट ओसरल्यावर ते मागे पडले.

१९६० च्या दशकात इटलीत प्लॅस्टिकच्या कवचाच्या बैठका तयार होऊ लागल्या. त्या हलक्या होत्या, पावसात भिजून खराब होत नसत व साच्यातून झटपट निघत. पुढे कवचावर फेसरबराचा थर व त्यावर पातळ चामडे किंवा कृत्रिम कापड चढविण्याची पद्धत रूढ झाली आणि १९८० नंतर जेल भरलेल्या गाद्या आल्या. शर्यतीच्या सायकलींवरून चामड्याची ताणलेली बैठक जवळजवळ नाहीशी झाली. ब्रुक्स कंपनीही २००२ मध्ये ‘सेले रॉयाल’ ह्या इटालियन बैठक-उत्पादकाकडे गेली.

भारत व पुणे शहर : भारतात सायकल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि स्वातंत्र्यापर्यंत मुख्यतः इंग्लंडहून येत राहिली. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलस ही नावे त्या काळी घरोघर माहीत होती. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत व लुधियाना येथे कारखाने उभे राहिले आणि लुधियाना हे सुट्या भागांचे प्रमुख केंद्र बनले. ह्या सर्वांनी इंग्रजी धर्तीचीच काळी, २८ इंची चाकांची, उभ्या बसणीची सायकल चालू ठेवली. तिची बैठक रुंद, चामड्याची किंवा पुढे रेक्झिनने मढविलेली व मागे वेटोळ्याच्या स्प्रिंगांची असे.

विसाव्या शतकाच्या मध्यास पुणे हे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जात होते. जुन्या पेठा, महाविद्यालये, कचेऱ्या व लष्करी भाग ही सर्व ठिकाणे सायकलच्या टप्प्यात होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे व १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या उद्योगांकडे कामगार सायकलने जात. चौकाचौकात तासावर भाड्याने सायकली मिळत. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला व रात्री दिवा लागे आणि डबलसीट जाणाऱ्यास पोलीस अडवीत. अशा प्रवासाचा एक टप्पा बहुधा वीस-पंचवीस मिनिटांचा असे. स्वार ताठ बसत असल्याने त्याचा जवळजवळ सगळा भार बैठकीवर येई. खड्ड्यांचे व फरशीच्या रस्त्यांचे धक्के स्प्रिंग झेलत. एवढ्या वेळासाठी ती बैठक योग्यच होती. कातडे ढिले पडले की दुकानदार नट आवळून देई, फाटले की वर स्पंजचे कव्हर चढे आणि पावसाळ्यात कातडे भिजू नये म्हणून मेणकापडाची किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधीत. बैठकीची निवड करण्याचा प्रश्न सहसा येतच नसे. सायकलबरोबर जी येई ती वापरली जाई.

याला महत्त्वाचा अपवाद स्त्रियांच्या सायकलीचा होता. पुण्यात विद्यार्थिनी, शिक्षिका व परिचारिका साडी नेसून सायकलवर जात. त्यांच्या सायकलीला आडवी नळी खाली असे, मागच्या चाकावर जाळी लावलेली असे आणि बैठकीचे नाक आखूड असे. हे आखूड नाक वस्त्र अडकू नये म्हणून होते. पुरुषांच्या सायकलीत ते कमीपणाचे मानले जाई. परंतु २०१५ च्या सुमारास शर्यतीसाठी निघालेल्या व लगेच लोकप्रिय झालेल्या नव्या बैठकांचे मुख्य लक्षण आखूड नाक हेच आहे. पुढे झुकून बसणाऱ्या स्वाराच्या नाजूक भागाखालून अनावश्यक आधार काढून टाकणे हा त्यामागील हेतू होय.

१९६० नंतर आकुर्डी येथे बजाज कंपनीच्या स्कूटर बनू लागल्या. १९७२ मध्ये कायनेटिक कंपनीची ‘लूना’ ही मोपेड आली. शहराचा विस्तार होऊन अंतरे वाढली आणि पुणेकर सायकलवरून यांत्रिक दुचाकीकडे वळले. दैनंदिन वाहन म्हणून सायकल मागे पडली. २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल योजना मंजूर केली आणि त्या सुमारास भाड्याच्या सार्वजनिक सायकली रस्त्यावर आल्या, पण हा उपक्रम टिकला नाही. त्याच वर्षी विक्रम पेंडसे यांनी कर्वेनगर भागात जुन्या सायकलींचे संग्रहालय उघडले. एके काळी शहरभर दिसणाऱ्या वाहनासाठी संग्रहालय निघावे, यातच बदलाचे स्वरूप स्पष्ट होते.

दूर पल्ल्याची सायकलस्वारी : महाराष्ट्रात दूर पल्ल्याच्या सायकलस्वारीची परंपरा जुनी आहे. मुंबईहून १९२३ मध्ये निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सु. ७१,००० किमी. प्रवास करून १९२८ मध्ये परतले. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई–पुणे सायकल शर्यत प्रसिद्ध झाली. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यास तीत ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळे. शर्यतीचे स्वार खाली वळलेले हँडल व अरुंद, कडक बैठक वापरीत. रोजची सायकल व शर्यतीची सायकल यांतील हा फरक बहुतेक नागरिकांना परका होता.

एकविसाव्या शतकात मात्र हौशी नागरिकही लांबच्या मार्गाला लागले. फ्रान्समधून आलेल्या ‘ब्रेव्हे’ ह्या प्रकारात २००, ३००, ४०० व ६०० किमी. अंतरे अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ व ४० तासांत पुरी करावयाची असतात. त्यात क्रमांक नसतो; मुदतीत पोचणे एवढेच उद्दिष्ट असते. २०१० नंतर पुणे हे ह्या प्रकाराचे भारतातील एक महत्त्वाचे केंद्र बनले. पुणे ते गोवा ही ६४३ किमी. ची ‘डेक्कन क्लिफहँगर’ स्पर्धा अमेरिकेतील आरपार सायकल शर्यतीच्या पात्रतेसाठी मान्य झाली. सु. ४,८०० किमी. ची ती शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन ह्या डॉक्टर बंधूंनी दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सु. २९,००० किमी. ची पृथ्वीप्रदक्षिणा केली. म्हणजे रोजची सरासरी १८० किमी. हून अधिक पडली. पुण्याहून पंढरपूरच्या सायकल वारीला जाणाऱ्यांनाही एका बाजूस २०० किमी. हून अधिक अंतर कापावे लागते.

अशा प्रवासात बैठकीचा प्रश्न निराळे रूप घेतो. ६०० किमी. च्या ब्रेव्हेत ३० तास प्रत्यक्ष सायकल चालविली व मिनिटाला ७० आवर्तने धरली, तर पेडल सव्वा लाखाहून अधिक वेळा फिरते. तेवढ्याच वेळा मांडीची आतली बाजू बैठकीच्या कडेला घासते. शहरातल्या वीस मिनिटांत जाणवतही नाही असा दोष येथे व्रणाचे रूप घेतो. पायांत शक्ती असूनही केवळ बसवत नाही म्हणून प्रवास सोडून द्यावा लागलेले स्वार ह्या क्षेत्रात थोडे नाहीत.

शरीररचना व बैठक : माणूस बसतो तेव्हा भार पेलण्यास योग्य असा भाग म्हणजे श्रोणीच्या तळाशी असलेल्या आसनास्थींची दोन टोके होत. त्यांमधील अंतर प्रौढ व्यक्तींत साधारणपणे १० ते १४ सेंमी. असते. स्त्रियांत ते सरासरीने अधिक असते, पण ते शरीराच्या उंचीवरून किंवा वजनावरून ठरविता येत नाही. ह्या दोन टोकांमधील मऊ भागास मूलाधार म्हणतात. जननेंद्रियांकडे जाणाऱ्या तंत्रिका व रोहिण्या ह्या भागातून जातात. भार आसनास्थींवर पडला, तर शरीर तो तासन्‌तास सहन करते. मूलाधारावर पडला, तर प्रथम मुंग्या येतात व पुढे बधिरता येते.

मऊ गादी दगा देते ती येथेच. तीत आसनास्थी खोल रुततात आणि दबलेली गादी मध्यभागी वर येऊन मूलाधारावर दाब आणते. २००२ मध्ये जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी निरनिराळ्या बैठकांवर बसलेल्या पुरुषांच्या जननेंद्रियाच्या त्वचेतील ऑक्सिजनाचे प्रमाण मोजले. अरुंद व जाड गादीच्या बैठकीवर ते ८० टक्क्यांहून अधिक घटले; रुंद, गादी नसलेल्या व नाक नसलेल्या बैठकीवर ही घट सु. २० टक्केच होती. गादीपेक्षा रुंदी महत्त्वाची, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने नाक नसलेल्या बैठका देऊन केलेल्या अभ्यासात (२००८) बधिरता न जाणवणाऱ्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. २०१८ मधील एका मोठ्या तौलनिक पाहणीत सायकलस्वारांचे लैंगिक आरोग्य पोहणाऱ्या वा धावणाऱ्यांपेक्षा खालावलेले आढळले नाही, परंतु बधिरतेची तक्रार त्यांच्यात अधिक होती. अधूनमधून पेडलांवर उभे राहणाऱ्या व हँडल बैठकीच्या बरोबरीने किंवा वर ठेवणाऱ्या स्वारांत ती कमी होती. सायकल सोडून देण्याचे कारण नाही, पण बधिरतेकडे दुर्लक्षही करू नये, असे ह्या अभ्यासांवरून म्हणता येते.

बैठकीची निवड : निवडीचा पहिला आधार म्हणजे बसण्याची ढब. ताठ बसणाऱ्याला रुंद व काहीशी मऊ बैठक लागते. पुढे झुकणाऱ्याचा भार हात, पाय व बैठक यांत वाटला जातो आणि श्रोणी पुढे कलते. त्याला अरुंद, कडक व मध्ये खाच असलेली बैठक मानवते. म्हणून जुन्या काळ्या सायकलीची बैठक नव्या शर्यती सायकलीवर बसविणे किंवा शर्यती बैठक ताठ बसणीच्या सायकलीवर लावणे, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच अयोग्य ठरतात.

दुसरा आधार रुंदीचा. कठीण बाकावर पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून, पुढे झुकून त्यावर मिनिटभर बसल्यास दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतील अंतरात दोन ते तीन सेंमी. मिळविल्यास बैठकीच्या मागील भागाची योग्य रुंदी साधारणपणे मिळते. दूर पल्ल्याच्या बहुतेक बैठका १३ ते १७ सेंमी. रुंद असतात. त्याहून रुंद बैठक मांडीला घासते व अरुंद बैठक आसनास्थींच्या आत शिरते.

बैठक चांगली असूनही ती चुकीच्या जागी बसविली, तर त्रास होतो. उंचीसाठी प्रचलित नियम असा : अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे व त्याला ०·८८३ ने गुणावे, येणारे माप क्रँकच्या आसाच्या मध्यापासून बैठकीच्या माथ्यापर्यंत ठेवावे. जांघेचे माप ८० सेंमी. असेल, तर हे अंतर सु. ७०·६ सेंमी. येते. बैठक फार उंच असल्यास स्वार प्रत्येक फेऱ्यात डावीउजवीकडे घसरतो व कातडी सोलली जाते. फार खाली असल्यास गुडघ्यांवर ताण पडून पाय भार उचलत नाहीत व तो सगळा बैठकीवर येतो. बैठक प्रथम क्षितिजसमांतर ठेवावी व मग एकेका अंशाने बदलून पाहावी. नाक फार खाली केल्यास स्वार पुढे घसरतो आणि मनगटे दुखू लागतात. पुण्याभोवतीच्या कात्रज, खंबाटकी, पसरणी यांसारख्या घाटांत हा विचार विशेष करावा लागतो. ८ टक्के चढावर संपूर्ण सायकल सु. साडेचार अंश मागे कलते व सपाटीवर समांतर असलेल्या बैठकीचे नाक तेवढेच वर येते. म्हणून लांब चढावर काही मिनिटांनी उभे राहून पेडल मारणे हितावह असते.

पदार्थाची निवड हवामानावर अवलंबून असते. ताणलेले चामडे शेकडो किमी. वापरानंतर स्वाराला जुळते व घाम शोषते. मात्र ते भिजलेले असताना त्यावर बसल्यास कायमचे ताणते. कोकणाच्या उतारावर किंवा सह्याद्रीच्या पावसात प्लॅस्टिक कवचाची बैठक किंवा २०१० च्या दशकात निघालेली सुती कापड व रबर यांची बैठक सोयीची ठरते. चामडे न वापरणाऱ्यांचीही तीमुळे सोय होते. गादीच हवी असेल, तर ती बैठकीपेक्षा वस्त्रात असावी. आतून गादी शिवलेली तंग चड्डी शरीराबरोबर हलत असल्याने घर्षण कमी होते. ती आत दुसरे वस्त्र न घालता वापरावी व प्रत्येक वेळी धुवून उन्हात वाळवावी.

नवी बैठक दूरच्या प्रवासापूर्वी ५०–६० किमी. च्या काही फेऱ्यांत पारखून घ्यावी. आसनास्थींपाशी सुरुवातीला जाणवणारी ठणक सवयीने जाते. बधिरता मात्र सवयीने जात नाही व ती आल्यास बैठक, तिची जागा किंवा बसण्याची ढब बदलणे आवश्यक असते. सर्वांना मानवेल अशी बैठक आजवर तयार झालेली नाही, कारण ती ज्याच्यासाठी करावयाची ती श्रोणी माणसागणिक वेगळी असते. एके काळी पुण्यात कारखान्याने दिलेल्या बैठकीवर सारे शहर निभावून गेले, ते अंतर थोडे होते म्हणून. दूर पल्ल्याला निघणाऱ्याला स्वतःच्या शरीराचे माप घेऊनच बैठक निवडावी लागते.